दसऱ्यानंतरची तिकिटं काढली आहेत

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

फोनवर आईच्या तब्येतीचा विषय काढला की आई भाजीचं विचारायला लागते आणि बाबा फोन ठेवायची घाई करतात. म्हणून लिहितेय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत, चिपळूण ते ठाणे, दोघांचीही. परतीची काढलेली नाहीत. दत्तजयंतीपर्यंत तरी तुम्ही इथेच राहायचं आहे. रागावू नका, आधी सगळं वाचा.

आई, गणपतीत मी तुला बघत होते. भाद्रपदातला तो उकाडा, सगळे पंखा वाढवा म्हणतायत आणि तू शाल गुंडाळून बसलेली. मोदकाच्या उकडीला तू कधी कुणाला हात लावू दिला नाहीस. यंदा परात काकूच्या पुढे सरकवलीस आणि भिंतीला टेकलीस. आरतीत तुझा आवाज ऐकूच आला नाही, घोगरा झालाय. भुवया कडेने विरळ झाल्यात. पायाला मुंग्या येतात हे तू मला सांगितलंच नाहीस, बाबांकडून कळलं. आणि विचारलं तर म्हणालीस, "रिपोर्ट नॉर्मल आलाय गं, मलाच उगाच काहीतरी होतं." त्या "उगाच"नं मला रात्र रात्र झोप लागत नाही.

एकवीसच्या पुरानंतरही असंच झालं होतं. घरातला चिखल उपसून तू दमलीस, धसका घेतलास, असं आपण सगळेच म्हणत राहिलो. चेहरा सुजायला लागला तेव्हा कुठे रक्त तपासलं आणि थायरॉईड निघालं. तेव्हाही तुला होत होतं ते खरंच होतं. आताही आहे.

बाबा, तुम्ही "मनाचे खेळ" म्हणालात ते तिला धीर यावा म्हणून, हे मला ठाऊक आहे. तिच्या गोळीची वेळ तुम्हीच सांभाळता, हेही. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते. 2013 साली आपल्याकडच्या आठ शहरांतली पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मुंबईही होती. मोठ्या माणसांत शंभरात जवळपास अकरा जणांचं थायरॉईड मंद निघालं. आणि गोळी नीट चालू असून, थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा नॉर्मल असूनही थकवा, जडपणा, विसराळूपणा राहतो अशी माणसं शंभरात पाच ते दहा असतात असं डॉक्टरच सांगतात. आई त्यांतली असेल, किंवा कारण भलतंच असेल. पण शोधायला तर हवं.

टीएसएच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. ती मुकादमासारखी. थायरॉईडनं काम कमी केलं की ती जास्त ओरडते, म्हणजे आकडा वर जातो. गोळीनं आकडा खाली आला, मुकादम गप्प झाला, एवढंच त्या कागदावरून कळतं. पायाच्या मुंग्यांबद्दल तो कागद काही बोलत नाही. मुंग्या बी-12 जीवनसत्त्व कमी पडल्यानंही येतात, पण आईच्या फाइलमध्ये त्याची तपासणी कुठेच नाही. हिमोग्लोबिन आहे, पण शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन नाही. शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटतं त्या आजाराला हाशिमोटो म्हणतात. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये तो पहिल्यांदा लिहून ठेवला. आईला तोच आहे, अँटिबॉडीच्या रिपोर्टवर आहे. अशा माणसांच्या पोटातही तसाच बिघाड होऊन बी-12 शोषलं न जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्यात आई शाकाहारी आणि गॅसची गोळी वर्षानुवर्षं चालू, त्यानंही बी-12 कमी पडू शकतं.

आणखी एक. आई, केस गळतात म्हणून तू त्या मेडिकलवाल्याकडून ज्या गोळ्या आणल्यास, त्यांच्या पाकिटाचा फोटो मी घरी आल्यावर नीट वाचला. त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व भरपूर आहे. बायोटिनमुळे काही पद्धतींच्या तपासणीत टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्यानं, 2017 मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे ज्या नॉर्मल रिपोर्टवर आपण सगळे निर्धास्त आहोत, तो पुन्हा करून पाहायलाच हवा. यात तुझं काही चुकलं नाही. गोळ्या देताना कुणी विचारलंच नाही.

इथल्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे थायरॉईडसारख्या ग्रंथींच्या तज्ज्ञ, बाईंची वेळ घेतली आहे. चार दिवसांत दाखवून परत जाऊ, असं बाबा म्हणणार. पण गोळीचा डोस बदलला तर त्याचा खरा परिणाम रक्तात दिसायला सहा ते आठ आठवडे जातात, त्याआधी तपासून उपयोग नाही. तोवर दर वेळी घाट आणि गाडी आईला नको. चिपळूणचे आपले डॉक्टर वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, त्यांनीच तर पुरानंतर आजार ओळखला. त्यांना मी फोन केला होता, तेही जा म्हणाले.

मुलीकडे इतके दिवस कसं राहायचं, हा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. जावयांनीच तिकिटं काढली. सासूबाई तर आई येणार म्हणून गहू निवडून बसल्यात. धाकट्याशीही बोलले, तो डिसेंबरात इथेच तुम्हाला भेटेल. खिडकीची खोली तुमची. एसी लावायचा नाही, सगळ्यांना सांगून ठेवलंय. आईची गोधडी मी गणपतीतच पिशवीत घालून आणली. उकड्या तांदळाची पेज सकाळी मिळेल. बाबांचा पेपर सहाला दारात असतो. तलावपाळीवर त्यांच्या वयाची मंडळी रोज फिरायला येतात आणि कौपिनेश्वराचं देऊळ तिथेच आहे, आईला रिक्षातून उतरलं की चार पावलं. तुळशीची कुंडी गॅलरीत आहे, तुळशीचं लग्न तिथे लावू. घरच्या देवांची पूजा काका करतील, त्यांना विचारूनच ठरवलंय.

आई, मला तो ताप आला होता तेव्हा रक्तात काही निघालं नव्हतं. सगळे म्हणाले, शाळा बुडवायला करते. तू म्हणालीस, पोरीचे डोळे मला बरे दिसत नाहीत, आणि पहाटेच्या एसटीनं कुंभार्ली घाट चढून कराडला घेऊन गेलीस. अख्खा रस्ता मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून होते, तू पदरानं वारा घालत होतीस. मला आता तुझे डोळे बरे दिसत नाहीत. एवढं माझं ऐक.

आता करायचं ते सांगते, बाबा, तुम्ही लक्ष ठेवा. केसांच्या गोळ्या आजपासून बंद. थायरॉईडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा किमान अर्ध्या तासानं, तासाभरानं झाला तर उत्तम. "घोटभरच" चहासुद्धा नको. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, दोन्हींत चार तास हवेत. गॅसची गोळी मनानं बंद करू नका, ती डॉक्टरीणबाई ठरवतील. गोळ्यांची बाटली शेगडीवरच्या फळीवरून काढा, वाफ आणि ऊब लागते. कोबी तू कुणाच्या तरी सांगण्यावरून सोडलास, शिजवलेला बेतानं खायला काही हरकत नाही. सैंधव बंद करून साधं आयोडीनचं मीठ आणा.

आणि थकवा वाटतोय म्हणून एकाची दीड गोळी अजिबात करायची नाही, कुणी कितीही सांगो. या वयात जास्त डोसानं हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. गोळी बंद करून काढा घेणंही नाही.

बाबा, आईच्या घोरण्यामुळे तुम्ही पडवीत झोपता ना? झोपेत तिचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो का, ते दोन-तीन रात्री बघून लिहून ठेवा. आई, लाजू नकोस. झोपेत श्वास अडला तरी दिवसभर असाच थकवा येतो, आणि त्यावर इलाज आहे.

सगळं तपासूनही काही सापडलं नाही, तरी मी तुला कंटाळणार नाही. मग पुढचं बघू.

फाइल, जुने सगळे रिपोर्ट, प्रत्येक गोळीचं पाकीट, रिकामं असलं तरी, बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीत. बॅगेत नको. कोकमं आणि लोणच्याच्या बरण्या आणायच्या नाहीत, ओझं उचलायचं नाही. ठाण्याला आम्ही दोघं फलाटावर असू, उतरायची घाई करू नका.

तुमची,
ताई