कीबोर्डला हात न लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर प्रणाम.

हे पत्र तुमच्या खोलीत येऊन हातात देता आले असते आणि तुम्हाला तेच अधिक आवडले असते, हे मला ठाऊक आहे. तरीही ते चारचौघांत लिहीत आहे, कारण संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाविषयी आम्ही विद्यार्थी उघडपणे बोलतो त्यात गाऱ्हाणीच अधिक असतात, आणि आभार मात्र कुणाच्या कानावर जाणार नाहीत अशा बेताने मानतो. शिवाय नुकतेच ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला मेमरीचे वाटप कसे होते ते शिकले, आणि मागच्या वर्षी लॅबमध्ये तुम्ही माझ्यासाठी नेमके काय केले होते याचा खरा उलगडा तेव्हा झाला. त्या तासापासून स्वस्थ बसवत नाही.

पहिल्या वर्षी आम्हाला प्रोग्रामिंग शिकवले गेले असे म्हणण्यापेक्षा ते आमच्याकडून लिहून घेतले गेले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. फळ्यावरचा प्रोग्राम वहीत, वहीतला संगणकात, आणि अपेक्षित उत्तर पडद्यावर उमटले की सही, असा तो क्रम होता. एखादी ओळ तिथेच का लिहायची, असे विचारले तर ‘परीक्षेला हे विचारत नाहीत’ हे उत्तर ठरलेले असे. लॅबमध्ये अडल्यावर हात वर केला की शिक्षक येत, उभ्याउभ्याच कीबोर्ड स्वतःकडे ओढत, दोन ओळी खोडून दोन नव्या लिहीत आणि ‘झाले’ म्हणून पुढच्या संगणकाकडे वळत. प्रोग्राम चालू लागे, पण तो का अडला होता हे मला कळलेले नसे, आणि पुढच्या वेळी त्याच जागी पुन्हा हात वर करावा लागे. एका शिक्षकाकडे असंख्य विद्यार्थी असतात, त्यांना वेळ नसतो, हे मी समजू शकते. पण ‘तुझ्या डोक्यात हे शिरणार नाही, दुसरी शाखा बघ’ हे सांगायला मात्र त्यांच्यापाशी वेळ होता, हे मी अजून विसरलेले नाही.

तशा मनःस्थितीत मी दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती मांडून ठेवण्याच्या रचना, या विषयासाठी तुमच्या वर्गात आले. जो प्रोग्राम घेऊन मी तुमच्याकडे आले तोही तुमच्या एका सहकाऱ्याने वर्गात लिहून दिलेलाच होता. लिंक्ड लिस्ट म्हणजे प्रत्येक तुकड्यात पुढच्या तुकड्याचा पत्ता ठेवून जोडलेली यादी; तिचे काम संपल्यावर तिचे सगळे नोड, म्हणजे हे तुकडे, एकेक करून मोकळे करायचे, त्यांनी अडवलेली मेमरी परत द्यायची, एवढेच त्याचे काम. लॅबमधल्या एका संगणकावर तो निमूट चाले आणि शेजारच्या संगणकावर मध्येच कोसळे. आधी ज्यांना विचारले त्यांनी ‘मशीन खराब आहे, जागा बदल’ असा तोडगा सांगितला होता. संगणक एकच काम दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी करतो, यावर विश्वास ठेवून मी तीन वर्षे काढणार होते की काय, या विचाराने आज हसू येते आणि थोडी चीडही येते.

तुम्ही आलात, बाजूचे स्टूल ओढून माझ्या शेजारी बसलात. मी सवयीने कीबोर्ड तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही काही न बोलता तो पुन्हा माझ्यासमोर ठेवलात आणि स्वतःचे हात मांडीवर घेतलेत. मॅडम, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या एका कृतीचे. त्यानंतर तुम्ही जे समजावलेत ते कदाचित दुसऱ्या कुणीही समजावले असते, परंतु हा प्रोग्राम माझा आहे आणि तो मलाच दुरुस्त करता येईल, असे त्या क्षणापर्यंत कुणी गृहीतच धरले नव्हते.

मग तुम्ही एक कोरा कागद मागितलात, मला चौकटी आणि बाण काढायला लावलेत आणि एकच प्रश्न विचारलात: ‘ही ओळ चालून संपली. आता हा पॉइंटर कुठे बोट दाखवतो आहे?’ पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता जपणारी नोंद. मला उत्तर येईना. तुम्ही प्रश्न बदलला नाहीत, सूचक शब्द पुरवला नाहीत, घड्याळाकडे पाहिले नाहीत. मागून कुणीतरी तुम्हाला हाक मारली, तेव्हाही ‘येते’ एवढेच म्हणून तुम्ही बसून राहिलात. शेवटी कागदावरची एक चौकट खोडताना माझ्याच लक्षात आले की आपण नोड आधी मोकळा करतो आणि मग त्याच मोकळ्या केलेल्या नोडला पुढच्याचा पत्ता विचारतो. पत्त्याची चिठ्ठी फाडून टाकायची आणि नंतर तीच वाचून पुढचे घर शोधायचे, असला तो कारभार होता. पुढचा पत्ता आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये जपून ठेवायचा आणि मग नोड सोडायचा, हे मला कुणी सांगावे लागले नाही.

हे सगळे झाल्यावर तुम्ही मेमरीच्या वापरातल्या चुका पकडणारे वॅलग्रिंड हे साधन दाखवलेत. मोकळ्या केलेल्या मेमरीतून वाचणारी ओळ त्याने एका फटक्यात दाखवून दिली. ते तुम्ही आधीच चालवले असते तर तुमचा बराच वेळ वाचला असता. उत्तर हाताशी असताना ते इतका वेळ मागे ठेवायला किती संयम लागतो, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

ती चूक फळ्यावरूनच आली होती, हे तुम्हाला नक्कीच कळले असणार. आमच्या सगळ्यांच्या वह्यांत ती सारख्याच अक्षरांत होती. तरी तुम्ही सहकाऱ्याविषयी अवाक्षर काढले नाहीत. मी मात्र तितकी उदार नाही. ब्रायन कर्निहॅन आणि सी भाषेचे कर्ते डेनिस रिची यांच्या त्या भाषेवरील पुस्तकाच्या १९८८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत नेमका हाच लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा ओळींचा तुकडा, ‘चुकीचा’ असा शेरा मारून छापलेला आहे. स्वतः भाषेच्या कर्त्याने तेव्हाच दिलेली ताकीद आमच्या फळ्यापर्यंत पोहोचलेली नसावी, आणि खापर बिचाऱ्या मशीनवर फुटावे, याला काय म्हणायचे?

तुम्ही मात्र निघताना मला बायनरी सर्चची, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध पाहून अर्धा भाग वगळत शोधण्याच्या पद्धतीची, गोष्ट सांगितलीत. १९४६ पासून ठाऊक असलेली ही पद्धत, पण जावा या भाषेच्या प्रमाण लायब्ररीतल्या, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संचातल्या, तिच्या प्रोग्राममध्ये एक दोष वर्षानुवर्षे दडून होता आणि तो २००६ मध्ये उजेडात आला. मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करायची, ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या तिथे मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या पुढे गेली की ऋण होते, आणि एवढ्या मोठ्या याद्या प्रत्यक्षात येईपर्यंत कुणाला शंकाच आली नाही. हे सांगून तुम्ही माझी समजूत घालत होता, हे तेव्हा मला कळलेही नाही. मला वाटले, अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आणि आता ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला कळले की मोकळी केलेली मेमरी लगेच पुसली जात नाही, म्हणून एका संगणकावर जुना पत्ता शाबूत सापडत होता. दुसरीकडे मेमरी वाटून देणारा अलोकेटर त्याच जागेत स्वतःच्या नोंदी लिहीत होता. गंमत अशी की अनेक अलोकेटर या मोकळ्या जागा लिंक्ड लिस्टमध्येच ओवून ठेवतात. वर्गात हे ऐकताना मी जवळजवळ ओरडलेच. तो कागद तेव्हा माझ्या हातून भरला गेला नसता, तर हे वाक्यही मी इतर वाक्यांसारखे वहीत उतरवून मोकळी झाले असते.

या क्षेत्रात हुशार माणसांची वाण नाही. स्वतःची हुशारी समोरच्याला न टोचता बाळगणारी माणसे मात्र शोधावी लागतात, आणि तशी भेटली की आपण त्याला ‘स्वभाव चांगला आहे’ एवढ्यावर निकालात काढतो, जणू त्यात त्यांचे कष्ट काहीच नाहीत. रोज नव्या विद्यार्थ्यापुढे तेच जुने उत्तर ओठांत धरून बसणे हे कष्टाचेच काम आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत होत नाही.

पुढच्या सत्रात कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, हा विषय तुम्ही शिकवणार असल्याचे समजले. तो अवघड आहे, त्यात गुण कमी पडतात, असे मला अनेकांनी बजावले आहे. मी अर्ज भरून दिला आहे.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी