इन्सुलिन देता, तसे प्रशिक्षणही द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : टाइप वन मधुमेह असलेली मुले व त्यांच्या पालकांच्या प्रशिक्षणाबाबत.

महोदय,

मधुमेहाची शासकीय तपासणी मोहीम मुख्यतः तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी असते. टाइप वन मधुमेह मात्र अनेकदा बालपणीच गाठतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते आणि मग आयुष्यभर इन्सुलिन टोचून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, हे पालकांनाच नव्हे, तर काही शिक्षकांनाही अजून समजावून सांगावे लागते.

बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी पाहते, की मूल अतिदक्षता विभागातून बरे होऊन बाहेर येते, घरी जाताना औषधे आणि पुढच्या भेटीची तारीख मिळते, आणि कालपर्यंत डॉक्टर पाहत असलेला इन्सुलिनच्या मात्रेचा रोजचा हिशेब त्या संध्याकाळपासून आईच्या हाती येतो. तिला शिकवायला गर्दीच्या वॉर्डात जेमतेम दहा मिनिटे मिळतात. आपल्याकडे कुपीतल्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा ४० युनिट असतात, तर पेनमधल्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये १००. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्सुलिन तेवढ्याच खुणेपर्यंत भरले, तर मात्रा अडीचपट जाते. लाल टोपणाची सिरिंज कोणती आणि नारिंगी टोपणाची कोणती, हे हातात देऊन दाखवले नाही तर नुसत्या सांगण्याने लक्षात राहत नाही.

त्याहून घातक समज आजारपणातला आहे. मुलाला उलट्या होतात, ते जेवत नाही, म्हणून घरचे इन्सुलिन पूर्ण थांबवतात. प्रत्यक्षात त्याच वेळी साखर वारंवार तपासून मात्रा ठरवावी लागते, कारण इन्सुलिन बंद पडताच रक्तात कीटोन आम्ले साठतात आणि मूल पुन्हा अतिदक्षता विभागात येते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे तर वेगळेच. त्यांच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, फ्रिज नसतो. तेथे एका मडक्यात दुसरे ठेवून, मधल्या जागेत ओली वाळू भरून, आतल्या मडक्यात इन्सुलिन ठेवण्याचा साधा उपाय कामी येतो, पण तो सांगणार कोण, हा प्रश्न उरतोच.

शाळेबाबत नवा विचार करण्याचीही गरज नाही. अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळी खाऊ द्यावे, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्येच राज्यांना कळवले आहे. ते शालेय शिक्षण विभागाच्या मदतीने गावातल्या शेवटच्या शाळेपर्यंत पोहोचवावे. रक्तातली साखर फार उतरून मूल घामाघूम होऊन थरथरू लागले, तर त्याला एकटे घरी पाठवायचे नसते. आधी साखर किंवा ग्लुकोज द्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, एवढे वर्गशिक्षकांना ठाऊक असले तरी पुरे.

निदानाआधीच्या शिक्षणाचे उदाहरण इटलीतील पार्मा येथे आहे. तेथे १९९१ पासून शाळांत व बालरोगतज्ज्ञांकडे साधे फलक लावले गेले : कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, खूप पाणी पिऊ लागले, तर साखर तपासा. पुढील काही वर्षांत, निदानाच्या वेळी रक्तात कीटोन आम्ले साठून गंभीर अवस्थेत येणाऱ्या मुलांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आपल्या अंगणवाड्यांत आणि शाळांत जातातच. असा फलक त्यांच्याबरोबर जाऊ शकतो.

माझी मुख्य विनंती अशी, की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एका परिचारिकेला या कामाचे रीतसर प्रशिक्षण देऊन तिला अन्य वॉर्डांच्या पाळ्यांतून मोकळे ठेवावे. पालकाने स्वतः मात्रा भरून आणि साखर तपासून दाखवली, याची नोंद डिस्चार्ज कार्डावर औषधांइतकीच सक्तीची करावी. शिवाय घरी गेल्यावर अडचण आली तर रात्रीही उचलला जाईल, असा एक दूरध्वनी क्रमांक त्याच कार्डावर छापावा.

आपली विश्वासू,
बालरुग्ण विभागातील एक परिचारिका