दोन क्रेडिटच्या भाषेपायी अडलेली पदवी: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि जर्मन शिकवते. दरवर्षी निकाल लागले की माझ्याकडे काही मुलं येतात, ज्यांना जर्मनीला जायचं नसतं आणि भाषेची फारशी ओढही नसते. शेवटच्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले असतात, हातात ऑफर लेटर असतं, आणि पहिल्या वर्षाच्या परकीय भाषेच्या पेपरात केटी, म्हणजे नापास विषयाची थकबाकी, राहिलेली असते. काही खासगी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत ही भाषा पदवीसाठी सक्तीची आहे. दोन क्रेडिटचा तो पेपर सुटेपर्यंत पदवी मिळत नाही, आणि महापे-ऐरोलीच्या कंपन्या जॉइनिंगसाठी थांबायला तयार नसतात.

सक्तीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. कळवा-मुंब्र्याच्या मुलालाही पदवीसोबत एखादी परकीय भाषा मिळावी, असं मला मनापासून वाटतं. माझी तक्रार आहे ती आज ही अट ज्या पद्धतीने पुरी करून घेतली जाते, तिच्याबद्दल.

कळव्याच्या एका मुलाची वही माझ्यासमोर आहे. ‘माझं घर’ हा परिच्छेद त्याने महाविद्यालयाच्या नोट्समधून उतरवून घेतला आहे. प्रत्येक जर्मन ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहिलेला आहे: ‘विअर हाबन आयनन ग्रोसन गार्टन’. म्हणजे, आमच्याकडे मोठी बाग आहे. मुलगा चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत चौघांसोबत राहतो. त्या ओळीचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता. ‘वो वोन्स्ट डू?’, तू कुठे राहतोस, असं मी विचारलं तेव्हा तो गप्प राहिला. हाच परिच्छेद त्याने पाठ करून दोनदा लिहिला आणि स्पेलिंगच्या चुकांनी दोन्ही वेळा नापास झाला. तो ‘मी कळव्यात राहतो, माझे वडील रिक्षा चालवतात’ एवढं स्वतःचं स्वतः बोलला असता, तर मी त्याला आनंदाने पास केलं असतं.

यात शिकवणाऱ्यांचा दोष काढणं सोपं आहे, पण हिशोबच जुळत नाही. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप: एका क्रेडिटला वर्गातले पंधरा तास, म्हणजे दोन क्रेडिटचे तीस. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी ग्योटे इन्स्टिट्यूट ही जर्मन संस्था पहिल्या म्हणजे ए-वन पातळीसाठी 45 मिनिटांच्या 80 ते 200 तासिका धरते. आपले तीस तास म्हणजे अशा 40 तासिका, किमान अपेक्षेच्या निम्म्या. त्यात साठ-सत्तर मुलांचा वर्ग आणि तासांवर मानधन घेणारी शिक्षिका. मग पाठांतराशिवाय दुसरं काय होणार?

दुसरी बाजू मला जास्त टोचते. घणसोलीच्या एका विद्यार्थिनीने नोकरी सांभाळून ए-वनची परीक्षा दिली. या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, चारही तपासतात. ती चांगल्या गुणांनी पास झाली. महाविद्यालयाने प्रमाणपत्र पाहिलं आणि नियमात बसत नाही म्हणून परत दिलं. आता तिने हजेरी भरायची, इंटर्नल द्यायची आणि तोच बागेचा परिच्छेद लिहायचा.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांतही पदवीसाठी परकीय भाषेची अट असते. पण प्रवेशाच्या वेळीच चाचणी घेतात, आणि ज्याला ती भाषा ठरलेल्या पातळीपर्यंत येते त्याची अट तिथेच पुरी झाली असं धरतात. आपल्याकडे हे करायला नवा कायदाही लागणार नाही. बाहेर मिळवलेली क्रेडिट जमा करायला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स 2021 पासून आहे. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांची क्रेडिट 40 टक्क्यांपर्यंत धरायला विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) परवानगी आहे, आणि आयआयटी मद्रासने जर्मनचा, आयआयटी कानपूरने जपानीचा अभ्यासक्रम त्याच मंचावर चालवलेला आहे. दार उघडं आहे, फक्त परिपत्रक निघायला हवं.

त्या परिपत्रकात एवढं असावं. जर्मनची ए-वन, फ्रेंचची डेल्फ ए-वन किंवा जपानीची एन-फाइव्ह यांचं प्रमाणपत्र आणणाऱ्याला पूर्ण क्रेडिट मिळावं, हजेरीची अट न लावता. जपानीच्या एन-फाइव्हमध्ये बोलण्याची परीक्षा नसते, तिथे महाविद्यालयाने दहा मिनिटांची तोंडी घ्यावी. जे वर्गात शिकतात त्यांचे निम्मे गुण तोंडीला असावेत. आणि केटी राहिलेल्यांसाठी निकालानंतर महिन्याभरात परीक्षा व्हावी, पुढच्या सत्राची वाट पाहायला लावू नये.

आणखी एक. मुंबई विद्यापीठाचे परकीय भाषांचे विभाग कलिन्याला आहेत. बदलापूर किंवा पनवेलच्या मुलाने कॉलेज आणि नोकरी करून तिथे कधी पोचायचं? बाळकूमला विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर आहे. तिथे संध्याकाळी सहानंतर जर्मन, फ्रेंच, जपानीचे वर्ग भरवावेत, परवडणाऱ्या फीमध्ये, कोणत्याही महाविद्यालयाच्या मुलासाठी. खासगी क्लासची फी न परवडल्याने सोडून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांतली काही माझ्यापेक्षा चांगली शिक्षक झाली असती.

आपल्याच सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी तिथे कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यासाठी मुलांना जर्मन यावं लागेल. पदवीच्या वर्गात बसलेली हीच मुलं त्या रांगेत उभी राहणार आहेत.

नवीन शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी परिपत्रक निघालं, तर घणसोलीच्या त्या मुलीला पुन्हा परीक्षेला बसावं लागणार नाही. कळव्याच्या मुलाची तयारी मी करून घेते आहे. त्याची परीक्षा लवकर लागावी, एवढं आपल्या हातात आहे.

आपली,
ठाण्यातील एक जर्मन शिक्षिका