शुक्रवारी सामना, विंग्ज शनिवारी

महोदय,

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी पर्यटन पुरवण्यांत जे लेख येतात, त्यांत नायगरा हमखास असतो. धबधब्यापासून जेमतेम अर्ध्या तासावर असलेल्या बफेलोचा उल्लेख मात्र फार तर विमानतळापुरता होतो. शरद ऋतूत जाणाऱ्यांनी भाड्याची गाडी आणि तीन दिवस हाताशी ठेवले, तर ओहायोतल्या एखाद्या शाळेचा फुटबॉल सामना आणि बफेलोच्या चिकन विंग्ज एकाच फेरीत होतात. असा बेत आखणारे लोक आहेत, पण ते आधी विंग्जचे ठिकाण ठरवतात, मग आसपास सामना शोधतात आणि सामना सुटल्यावर खायला निघतात. हा क्रम मुळापासून उलटा आहे. सामन्याची वेळ आपल्या हातात नसते, जेवणाची असते. म्हणून बेत शुक्रवारपासून मागे मागे आखावा आणि सामन्यानंतरच्या खाण्यावर काहीही अवलंबून ठेवू नये.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळण्याचा. शाळांचे सामने ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात, ओहायोत साखळीचे दहा आठवडे ऑक्टोबरअखेर संपतात आणि नोव्हेंबरमध्ये बाद फेऱ्या चालतात. दिवस शुक्रवारचा, वेळ बहुतेक ठिकाणी संध्याकाळी ७. शुक्रवार शाळांसाठी मोकळा राहण्यात कायद्याचाही हात आहे. १९६१च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक लीगला सामन्यांचे हक्क एकत्रित विकण्याची मुभा दिली. पण सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर आणि शनिवारी दिवसभर, शाळा-कॉलेजांचा सामना चालू असलेल्या मैदानाच्या ७५ मैलांच्या आतल्या प्रक्षेपणाला ती मुभा लागू होत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी टीव्हीवर व्यावसायिक लीगचा सामना सहसा नसतो आणि गाव मैदानावर येते.

वेळापत्रक शाळेच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावरच पाहावे. त्यात ‘व्हार्सिटी’ म्हणजे शाळेच्या मुख्य संघाची ओळ शोधावी, कारण त्याच पानावर कनिष्ठ आणि नवव्या इयत्तेच्या संघांचेही सामने असतात. ते गुरुवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी होतात, बँड नसतो आणि बाके रिकामी असतात. दुसरी चूक म्हणजे सामना ‘होम’ आहे की ‘अवे’ हे न पाहणे. ज्या मैदानावर दिव्यांची सोय नसते तिथे सामना शनिवारी दुपारी होतो. एखाद्याचा शुक्रवार हुकला तर हाच आधार. ‘होमकमिंग’च्या शुक्रवारी माजी विद्यार्थ्यांची गर्दी असते आणि मध्यांतर लांबते. सोहळा पाहायचा असेल तर तो दिवस उत्तम, खेळ पाहायचा असेल तर टाळावा.

ठिकाण निवडायचे तर ईशान्य ओहायोतले मॅसिलॉन. गाव तीसेक हजार वस्तीचे आणि शाळेच्या स्टेडियममध्ये सोळा हजारांहून अधिक लोक बसतात. पॉल ब्राऊन यांनी १९३२ ते १९४० या काळात इथल्या संघाला शिकवले. ८० विजय, ८ पराभव, २ बरोबरी. पुढे क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाला त्यांचेच नाव मिळाले. शाळेचा बँडही त्याच काळातला, १९३८चा, म्हणून मध्यांतरात जागा सोडून खाण्याच्या रांगेत उभे राहणे हा शुद्ध तोटा आहे. गावात मुलगा जन्मला की समर्थक मंडळ पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवते. एवढे असून बाद फेरीतून मिळणारे राज्य विजेतेपद त्यांना पहिल्यांदा मिळाले ते २०२३मध्ये, अंतिम सामन्यात ७-२ अशा गुणांनी. शेजारच्या कँटनच्या मॅकिन्ली शाळेशी त्यांची चुरस १८९४पासूनची आहे. हा सामना साधारणपणे साखळीच्या शेवटच्या आठवड्यात होतो आणि बरेचदा शनिवारी दुपारी. त्याची तिकिटे आयत्या वेळी मिळतील असे धरू नये. पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबरमधला साधा शुक्रवार निवडावा.

शाळेच्या सामन्याचे तिकीट साधारण दहा-बारा डॉलरच्या आत-बाहेर असते. ते आता बहुतेक ठिकाणी फोनवरच घ्यावे लागते आणि बऱ्याच दारांवर स्क्रीनशॉट चालत नाही, कारण दारावरचा स्वयंसेवक तुमच्याच फोनवर ते वापरले गेल्याची खूण करतो. मैदानाजवळ हजारो फोन एकाच टॉवरवर असतात, तेव्हा तिकीट मुक्कामाच्या ठिकाणीच उघडून ठेवावे. पिशवी पारदर्शक हवी. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, आणि एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा प्रवेश नाही, हे तर अनेक जण गाडीतला स्वेटर आणायला गेल्यावरच शिकतात. बाके ॲल्युमिनियमची. ऑक्टोबरच्या रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो आणि थंडी खालून चढते. जाड जाकिटापेक्षा बसायला घडी केलेली घोंगडी अधिक कामाची. घरच्या बाजूच्या मधल्या रांगा हंगामी तिकीटवाल्यांच्या, एका टोकाला विद्यार्थ्यांचा कोपरा. पाहुण्याने मधल्या रांगांच्या कडेला, पण वरच्या पायऱ्यांवर बसावे. खालच्या रांगांतून उभ्या खेळाडूंच्या पाठीच दिसतात.

आता वेळेचा हिशेब, ज्यावर सगळा बेत उभा आहे. शाळांच्या सामन्यात १२ मिनिटांचे चार क्वार्टर असतात. म्हणजे घड्याळात ४८ मिनिटे, पण चेंडू न झेलता खाली पडला, सीमेबाहेर गेला, वेळ मागितली की घड्याळ थांबते. मध्यांतर पंधरा-वीस मिनिटांचे. सातचा सामना साडेनऊच्या सुमारास सुटतो. ओहायोत दुसऱ्या अर्धात एका संघाकडे ३० गुणांची आघाडी झाली की घड्याळ जवळजवळ सलग चालते आणि तुम्ही नऊलाच बाहेर असता. उलट, वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की सगळे मैदान रिकामे करतात आणि शेवटच्या गडगडाटापासून पूर्ण ३० मिनिटे थांबतात. मध्ये पुन्हा गडगडले तर मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणजे सुटण्याची वेळ नऊ की साडेअकरा, हे कुणीच सांगू शकत नाही. छोट्या गावांतली स्वयंपाकघरे मात्र बरेचदा नऊ-दहाला बंद होतात, आणि उघडे असेल तिथे अख्खे स्टेडियम तुमच्या पुढे रांगेत असते. अशा गर्दीत कढईत एकदम जास्त माल पडतो, तेलाचे तापमान उतरते आणि कातडी कुरकुरीत होण्याऐवजी तेल पिते. सामन्यानंतरच्या विंग्ज वाईट लागतात त्या याच कारणाने. त्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हरणांच्या माजाचा काळ, आणि ओहायोच्या अंधाऱ्या रस्त्यांवर ती गाडीसमोर येतात. रात्री मुक्काम मैदानापासून पंधरा-वीस मिनिटांवर असावा, दीड तासावर नव्हे.

मग शुक्रवारी खायचे काय? दुपारी तीन-चारच्या सुमारास, मॅसिलॉनच्या उत्तरेला अर्ध्या-पाऊण तासावर, बार्बर्टनमध्ये. ॲक्रनलगतच्या या गावात सर्बियन स्थलांतरितांनी रुजवलेली तळलेल्या कोंबडीची वेगळीच पद्धत आहे. सुरुवात १९३३ची, बेलग्रेड गार्डन्स या उपाहारगृहापासून. मसाला नाही, फक्त मीठ. पीठ, अंडे आणि ब्रेडचा चुरा लावून कोंबडी डुकराच्या चरबीत तळतात, आणि पाठीचा तुकडाही ताटात येतो. डुक्कर वर्ज्य असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, कारण कोंबडीच मागवली म्हणून कुणी वेगळे सांगणार नाही. सोबत व्हिनेगरमधली कोबी, बटाट्याच्या फोडी आणि ‘हॉट राइस’ येतो. हा भात नव्हे, टोमॅटो आणि तिखट मिरचीच्या रश्श्यात शिजलेला थोडासा तांदूळ. तो कोंबडीबरोबर तोंडी लावण्यासारखा खावा. साडेपाचला निघाले की सव्वासहाला मैदानावर गाडी लावता येते. पोट भरलेले असल्यामुळे आतल्या स्टॉलवर गरम कोको पुरतो. तो जरूर घ्यावा, कारण तिथला पैसा बहुधा समर्थक मंडळामार्फत बँडला किंवा संघालाच जातो. थोडी रोख आणि एक कार्ड, दोन्ही जवळ असावे.

शनिवारी सकाळी उत्तरेकडे. आंतरराज्य महामार्ग ७७, मग २७१, मग ईअरी सरोवराच्या काठाने ९०, सुमारे चार तास. न्यूयॉर्क राज्यात शिरल्यावर हा रस्ता टोलचा आहे आणि २०२०पासून टोलनाक्यावर पैसे घेत नाहीत, गाडीच्या नंबरपाटीचा फोटो काढतात. भाड्याच्या गाडीवर कंपनी आपले सेवाशुल्क वर लावते. गाडी घेतानाच ते शुल्क दिवसागणिक आहे की फेरीगणिक, हे विचारून घ्यावे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर हा टप्पा बेभरवशाचा होतो. सरोवराचे पाणी अजून कोमट, वरून येणारा वारा गोठलेला, आणि त्या फरकातून अरुंद पट्ट्यात तुफान बर्फ पडते. दहा मैल अलीकडे ऊन असते.

बफेलोत पोचण्याची वेळ दुपारी दोन ते चार ठेवावी. जेवणाची गर्दी ओसरलेली, रात्रीची सुरू व्हायची. रविवारी बफेलो बिल्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचा घरचा सामना असेल तर त्या दिवशी विंग्जच्या नादाला लागू नये, सगळे शहर बांधून नेणाऱ्यांच्या रांगेत असते. मेन स्ट्रीटवरच्या अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो यांनी या विंग्ज पहिल्यांदा केल्या, असे मानले जाते. त्यांच्या मुलाने सांगितलेली हकिकत अशी की तो शुक्रवार होता, आणि मध्यरात्र उलटल्यावर मांस चालेल अशा कॅथलिक गिऱ्हाइकांसाठी काहीतरी हवे होते. पण त्याच दशकात जेफरसन ॲव्हेन्यूवर जॉन यंग नावाचे कृष्णवर्णीय व्यावसायिक अखंड पंख पीठ लावून तळत आणि मंबो नावाच्या सॉसमध्ये घोळून विकत होते. त्यांचे नाव पर्यटनाच्या लेखांत क्वचितच येते, ते यायला हवे.

बफेलोची पद्धत अशी: पंखाचे टोक काढून टाकायचे, उरलेल्याचे दोन तुकडे करायचे, ड्रमेट (खांद्याकडचा जाड तुकडा) आणि चपटा (मधला). पीठ नाही. कोरडे पुसून सुमारे १९० अंश सेल्सिअसच्या तेलात दहा-बारा मिनिटे, मग वितळलेले लोणी आणि लाल मिरचीचा व्हिनेगरी सॉस. सॉसचे प्रमाण घरी करायचे तर अर्धा कप सॉसला एक तृतीयांश कप लोणी, एवढ्यात सव्वा किलो विंग्ज होतात. लोणी उकळले तर सॉस फाटतो आणि तेल वर तरंगते, म्हणून नुसते वितळवायचे. ‘सिंगल’ म्हणजे दहा तुकडे, ‘डबल’ म्हणजे वीस. माणशी एक सिंगल भरपूर होतो, पंधरा-वीस डॉलर आणि वर १८ ते २० टक्के टिप धरावी. कातडी कुरकुरीत हवी असेल तर ‘एक्स्ट्रा क्रिस्पी’ सांगावे, तळण्याची दोन-तीन मिनिटे वाढतात एवढेच. सोबत सेलरी आणि ब्लू चीज. इथे ब्लू चीजऐवजी रँच हा दुसरा पांढरा सॉस मागणे म्हणजे उगाच नजरा ओढवून घेणे. बफेलोलगतच्या ॲमहर्स्टमधल्या डफ्स या विंग्जच्या उपाहारगृहात भिंतीवर पाटीच आहे की मीडियम म्हणजे तिखट, मीडियम हॉट म्हणजे फार तिखट. मराठी माणूस ती वाचून हसतो आणि ‘हॉट’ मागवतो. पण हे तिखट व्हिनेगरचे, घशाला ठसका लावणारे असते. लागलेच तर पाणी पिऊ नये, मिरचीचा दाह पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. ब्लू चीज त्यासाठीच ठेवलेले असते. दोनच ठिकाणांना वेळ असेल तर आमचे मत डफ्स आणि ईस्ट ऑरोरा गावातले बार-बिल हे उपाहारगृह, जिथे सॉस भांड्यात न घोळता कुंचल्याने लावतात आणि कातडी ताटात शेवटपर्यंत कडक राहते.

बांधून नेऊ नये. बंद डब्यात वाफ कोंडते आणि दहा मिनिटांत कातडी ओली होते. नाइलाज असेल तर सॉस वेगळा मागावा आणि डब्याचे झाकण अर्धे उघडे ठेवावे. बरोबर कुणी शाकाहारी असेल तर ‘कॉलिफ्लॉवर विंग्ज’ला लगेच हो म्हणू नये, त्या बहुतेक ठिकाणी कोंबडीच्याच तेलात तळतात. वेगळा फ्रायर आहे का, हा प्रश्न ऑर्डरच्या आधी विचारायचा.

रविवारी सकाळी धबधबा आहेच. पुरवणीच्या संपादकांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी नायगराचा लेख छापताना सोबतच्या चौकटीत शाळांच्या हंगामाच्या तारखाही द्याव्यात, आणि ती चौकट जुलैमध्येच छापावी. विमानाची तिकिटे तेव्हाच ठरतात.

आपले,
दोन नियमित वाचक