कोरलईच्या बोलीसाठी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोरच्या तीरावर उभा असलेला कोरलईचा किल्ला आपणांस ठाऊक असेलच. त्या किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात, तेथील ख्रिस्ती वस्तीत, हजाराच्या आतबाहेर माणसे पोर्तुगीजमधून जन्मलेली एक बोली आजही घरात बोलतात. ती तिला 'नॉ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. हे पत्र त्या बोलीसाठी आहे.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेवदंड्याजवळच्या चौलला पोर्तुगीजांचे ठाणे पडले, त्यांच्या शिपायांनी इथल्याच स्त्रियांशी संसार थाटले आणि त्या घरांतून ही बोली उगवली. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी कोरलईचा डोंगर निजामशाहीकडून घेतला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली आणि पुढच्याच वर्षी चौल व कोरलई मराठ्यांच्या हाती आली, तेव्हा अंमलदार आणि धनिक निघून गेले; ज्यांना जायला ठिकाण नव्हते, ती गरीब कुटुंबे डोंगराच्या कुशीत राहिली. लिस्बनशी आणि गोव्याशी संबंध जवळपास तुटल्यावर अडीचशेहून अधिक वर्षे या माणसांनी चहूबाजूंच्या मराठीत आपली बोली जपली आणि जपता जपता तिला मराठीचे वळण दिले. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी. आपण रोज चावी, बादली, पगार, लिलाव असे शब्द वापरतो, ते पोर्तुगीजशी जुळलेल्या त्याच घरोब्याचे. म्हणून ही परक्यांची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. ती मराठीच्या इतिहासाचीच एक शाखा आहे.

एकदा किल्ला पाहून खाली उतरताना एका अंगणात आजी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या नातवाशी आपल्या बोलीत बोलत होत्या. नातू सगळे समजून घेत होता, पण प्रत्येक उत्तर मराठीत देत होता. त्याची शाळा मराठी, खेळगडी मराठी, त्यात त्याचा दोष काहीच नाही. फक्त त्याच्या मुलांशी त्या बोलीत कोण बोलणार, हा प्रश्न मला त्या अंगणात पडला आणि अजून सुटलेला नाही.

दहा हजारांहून कमी भाषकांची भाषा जनगणनेच्या तक्त्यात स्वतंत्रपणे दाखवली जात नाही. त्यामुळे त्या तक्त्यात ही बोली दिसतच नाही. पंधराव्या शतकात चौलला येऊन गेलेल्या अफनासी निकितिन या रशियन प्रवाशाचे स्मारक रेवदंड्यात आहे आणि ते असावेच. पण खाडीपलीकडे शतकानुशतके नांदलेल्या माणसांच्या बोलीची जनगणनेच्या तक्त्यात साधी नोंदही नसावी, याचे दुःख होते.

परदेशी भाषाशास्त्रज्ञांनी या बोलीचा कसून अभ्यास केला आहे, परंतु तो इंग्रजीत आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहे. माझी विनंती अशी की, आपल्या विभागाने गावकऱ्यांची संमती घेऊन आणि त्यांनाच सोबतीला घेऊन वडीलधाऱ्यांच्या गोष्टी, लग्नातली गाणी, प्रार्थना, शेतीची आणि स्वयंपाकाची भाषा ध्वनिमुद्रित करावी, आणि हे काम पुढच्या अर्थसंकल्पाची वाट न पाहता सुरू व्हावे. देवनागरीत लिहिलेला, मराठी अर्थ दिलेला शब्दकोश गावातल्या प्रत्येक घरात आणि शाळेत पोहोचावा. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि पणजीच्या पुराभिलेखागारात या परिसराविषयी जे कागद असतील, त्यांच्या प्रती गावातच एका खोलीत लोकांना पाहता याव्यात. किल्ल्यावर येणाऱ्या पर्यटकांनाही तिथे थांबावेसे वाटेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. त्याच मराठीच्या सावलीत वाढलेल्या या लहान बोलीकडे लक्ष देण्यासाठी आपण एकदा स्वतः कोरलईला यावे, आणि किल्ला चढण्याआधी त्या वस्तीत थोडा वेळ बसावे.

आपला नम्र,
एक मराठी वाचक