सूचना : खोली रद्द करता येईल असंच बुकिंग करा

मंडळी, सहलीच्या तारखा अजून पक्क्या नाहीत. रविवारी रात्री ग्रुपवर कळवतो. तोवर खोली धरून ठेवायची असेल तर ‘फ्री कॅन्सलेशन’चाच दर घ्या. ‘नॉन-रिफंडेबल’ स्वस्त दिसतो, पण तारीख हलली की पैसे बुडाले.

– फुकट रद्द करण्याला मुदत असते, तीही बहुधा हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार. आदल्या दिवसाचा गजर लावा.
– पहिल्या रात्री पोहोचणार नसाल तर हॉटेलला आधी कळवा, नाहीतर पुढच्या रात्रीही रद्द होऊ शकतात. मागे मी असाच मध्यरात्री बॅगा घेऊन रिसेप्शनपुढे उभा होतो!
– रद्द केल्याचा ईमेल जपून ठेवा.

नॉन-रिफंडेबल आधीच घेतलंय? आजच मला वैयक्तिक मेसेज करा.