रक्त तेवढं तपासून घे

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन तू आपटलास की मी, ते आता आठवत नाही. "बाबांचं ऑपरेशन झालं ना आई, आता मला कशाला सुया टोचायला लावतेस?" हे मात्र कानातून जात नाही. फोनवर पुन्हा तेच होणार, म्हणून लिहायला बसले. तुझ्या हिपॅटायटिस बीच्या टेस्टचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

बाबांच्या लिव्हरमधली कॅन्सरची गाठ काढून तीन महिने झाले, परवा त्यांचा सीटी झाला. स्वच्छ आहे. रक्तातलं एएफपी, त्या कॅन्सरची खूण, तेही खाली आलंय. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे सुटलो का? ते म्हणाले, "गाठ काढली, लिव्हर तेच आहे." पहिल्या दोन वर्षांत परत आलं तर ते बहुतेक जुन्या गाठीच्या उरल्यासुरल्या पेशींतून येतं. त्यानंतर आलं तर त्याच खराब झालेल्या लिव्हरमध्ये नव्याने उगवतं. पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना परत येतं म्हणे. ज्याने हे झालं तो हिपॅटायटिस बीचा व्हायरस रक्तात जास्त, तर धोका जास्त. ती टेनोफोव्हिरची गोळी त्यासाठी आहे. रात्री नऊला मी समोर उभी राहून देते. बाबा म्हणतात, आता बरं वाटतंय, कशाला रोज? मनाने बंद केली तर व्हायरस उसळून लिव्हर एकदम बिघडू शकतं, हे तू सांग त्यांना. तुझं ऐकतात.

ड्रेनची पिशवी हातात धरून तू त्यांना पॅसेजमध्ये चालवत होतास ना, शेवटच्या खिडकीपर्यंत आणि परत. ते थांबले की तूही थांबायचास, घाई केली नाहीस एकदाही. मी मागून बघत होते. तेव्हा बोलले नाही, आज लिहिते.

बाबांना चौऱ्याऐंशी साली कावीळ झाली आणि आजीने ती वैदूकडून उतरवली, हे तू लहानपणापासून ऐकतोयस. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं व्हायचं. डोक्यावर ठेवलेली मुळ्यांची माळ वाढत वाढत गळ्यात उतरली, मग पोटापर्यंत आली. ती माळ आजीने देव्हाऱ्यामागे जपून ठेवली होती, लग्न होऊन आल्यावर मी पाहिली आहे. डॉक्टर म्हणाले, ती कावीळ वेगळीही असेल, दूषित पाण्याची. हिपॅटायटिस बी बऱ्याचदा मुकाट्याने शिरतो. तान्हेपणी आईकडून शिरला तर दहातल्या नऊ जणांत कायमचा राहतो. मोठेपणी झाला तर बहुतेकांचं शरीर त्याला आवरतं.

तेव्हापासून मोठे काका डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पोटात पाणी होऊन गेले. सगळा गाव म्हणाला, दारू. त्या माणसाने कधी थेंब घेतला नाही, काकू दारात उभी राहून सांगायची, कुणी मानलं नाही. एकाच आईची दोन मुलं. आजीला दोष देत नाही मी. तिला कुठे ठाऊक होतं? पण त्यांच्यापैकी एकाचं जरी रक्त वेळेवर कुणी बघितलं असतं...

बघ, आलेच तिथे.

मी माझी टेस्ट केली. एचबीएसएजी (आत्ता व्हायरस आहे का) निगेटिव्ह, अँटी-एचबीसी (पूर्वी कधी शिरला होता का) पॉझिटिव्ह. म्हणजे मला होऊन गेलाय. कधी, ते कळलंही नाही. अंगावर काही नाही, पण त्याचा धागा लिव्हरच्या पेशीत दडून राहतो. उद्या मला केमो किंवा मोठे स्टेरॉइड द्यायची वेळ आली तर तो जागा होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं. माझ्या फाइलवर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय. मी नसले बोलायला, तर तू सांगायचंस.

एका घरात दोघांच्या रक्तात त्याच्या खुणा. तू चौऱ्याण्णवचा. सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली तेव्हा तू बारावीच्या उंबरठ्यावर होतास. तुझ्या लसीच्या कार्डावर मी सगळं शोधलं. बीसीजी आहे, त्रिगुणी आहे, ही नाही. मास्तरीण असून मला ते तेव्हा सुचलं नाही, हे मला रात्री झोपू देत नाही.

लग्न मे महिन्यात आहे म्हणून तू टाळतोयस, हे कळतं मला. रिपोर्ट उलटा आला तर तिला काय सांगायचं, हेच ना? खरं सांगायचं. तिचीही टेस्ट करायची, गरज असेल तर लस द्यायची. तीन डोस असतात, शेवटचा सहा महिन्यांनी, म्हणजे आजच उशीर झालाय. तुझ्या अंगात असलाच तर गोळी आहे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतात. काकांच्या वेळी यातलं काही नव्हतं. शिकलेला मुलगा तू, एवढं...

राहू दे. वर्गात बोलल्यासारखं बोलते मी, तू लहान होतास तेव्हाही म्हणायचास. चुकलं माझं. रागावून लिहीत नाहीये बाळा, घाबरून लिहितेय.

ताईला अजून काही सांगितलेलं नाही. तिचीही करायचीच आहे, आधी तू कर म्हणजे तिला धीर येईल.

उपाशीपोटी जावं लागत नाही या टेस्टला, मी विचारून घेतलंय. ऑफिसला जाता जाता होईल.

तुझी,
आई

ता. क. मेतकूट आणि लसणाची चटणी वेगळ्या डब्यांत भरली आहे, उद्याच्या पार्सलने निघेल. बाबांना पत्र दाखवलं नाही. त्यांची नऊची गोळी आत्ताच दिली.